सल्ला हवा: जुने अमेरिकन पाने (स्पॅनर) आणि गोट्या (सॉकेट) कोणत्या कंपनीच्या, कोणत्या सालच्या, हे कसं ओळखायचं?

एरीकाठ:
नमस्कार मंडळी. मी क्लीव्हलंडजवळ राहते. मागच्या शनिवारी पलीकडच्या गल्लीत एस्टेट सेल होता. घरातलं म्हातारं माणूस गेलं की चमच्यापासून कपाटापर्यंत सगळं विकायला काढतात, तो प्रकार. शेवटच्या तासाला एक लोखंडी पेटी आतल्या सामानासकट चाळीस डॉलरला मिळाली. लेकाला गाडीचं काम शिकायचंय, म्हणून घेतली. घरी येऊन उघडली तर आत एवढी जुनी हत्यारं निघाली की आता हात लावायची भीती वाटते. मोजकी सांगते:

– एक रिंग पाना, 'प्लॉम्ब' असं नाव, क्रमांकाला जोडून डब्ल्यूएफ ही अक्षरं. काळपट आहे, चकाकी नाही.
– क्राफ्ट्समनच्या बऱ्याच गोट्या. काहींवर व्ही हे अक्षर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आडव्या रेघा.
– एस आकाराचा फिक्स पाना, त्रिकोणात बी. तोंडावर १/२ कोरलंय, पण कॅलिपरने मोजलं तर तोंड ७/८ भरतं!
– एक रॅचेट (गोटी चढवून नट फिरवायचा खटक्याचा दांडा). नाव झिजलंय, पेटंट क्रमांक १,८४ एवढाच वाचता येतो, पुढचं बुजलंय.
– काही चिमुकल्या गोट्या. पाव इंची रॅचेटवर चढवल्या की डुगडुगतात.
– एक पाना 'बार्कालो, बफेलो' असा.

यांची सालं कशी काढायची? लेकाने वापरायच्या कोणत्या आणि जपून ठेवायच्या कोणत्या? शेजारी म्हणतो व्हिनेगरमध्ये बुडव आणि वायर व्हील (तारांचं फिरतं चाक) मार, दोन तासांत नव्यासारखं होईल.

मिशिगनचा_मामा:
शेजाऱ्याला चहा पाजा आणि वायर व्हील त्याच्याच घरी राहू द्या. ठसा पुसला की ओळखायला काहीच उरत नाही. आधी वाचन, मग साफसफाई. खोबरेल किंवा पातळ मशीन तेल लावून जुन्या टूथब्रशने घासा, फडक्याने पुसा, वर पांढरा खडू चोळा आणि परत हलकेच पुसा. खडू अक्षरांच्या खाचेत बसतो. मग खोलीतला दिवा मालवून टॉर्च अगदी आडवा धरा. दिवसा न दिसणारे अर्धे ठसे असे दिसतात.

आता रॅचेट. अमेरिकेत १९२७ साली कायदा बदलला आणि वस्तूवर पेटंटच्या तारखेऐवजी क्रमांक घालावा लागू लागला. म्हणून हत्यारावर नुसती पेटंटची तारीख दिसली तर ते पेटंट बहुधा त्याआधीचं. क्रमांक असेल तर काम आणखी सोपं, कारण ते ओळीने चढत जातात. १९०० च्या सुरुवातीला साधारण ६ लाख ४० हजार, १९१० ला ९ लाख ४५ हजार, १९२० ला १३ लाख २७ हजार, १९३० ला १७ लाख ४२ हजार, १९४० ला २१ लाख ८५ हजार, १९५० ला २४ लाख ९३ हजार. एवढं वहीत लिहून ठेवलं तरी बाजारात उभ्या उभ्या अंदाज येतो. १९३२ चे क्रमांक १८ लाख ३९ हजारांच्या पुढे सुरू झाले आणि वर्षअखेर १८ लाख ९२ हजारांवर गेले. तुमचं १,८४ म्हणजे पुढचे आकडे कोणतेही असोत, पेटंट १९३२ चंच.

पण थांबा, रॅचेट १९३२ चं असं मी म्हटलेलं नाही. पेटंट १९३२ चं, म्हणजे रॅचेट त्याच्या आधीचं नाही, एवढंच. तेव्हा मुदत १७ वर्षं असायची, म्हणजे १९४९ पर्यंत तोच क्रमांक ठोकत राहिले असतील. मुदत संपल्यावरही काही कारखाने ठसा तसाच ठेवत, कारण डाय (ठशाचा साचा) बदलायला पैसे पडतात. वरची हद्द दुसऱ्या खुणांवरून काढावी लागते.

प्लॉम्ब मात्र पेटीतला खरा दागिना. लॉस एंजेलिसची कंपनी, १९०७ ची. फिलाडेल्फियात हातोड्या-कुऱ्हाडी बनवणारी 'प्लंब' नावाची वेगळी कंपनी होती. नावं एवढी जवळची की प्रकरण कोर्टात गेलं, प्लॉम्बवाले हरले आणि १९४८ मध्ये त्यांनी 'प्रोटो' हे नाव घेतलं. त्यामुळे प्लॉम्ब असा ठसा दिसला की पाना त्याच सुमारापर्यंतचा. आणि डब्ल्यूएफ म्हणजे 'वॉर फिनिश'. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियम युद्धसामग्रीकडे वळवलं, हत्यारांना चकचकीत मुलामा मिळेना, तेव्हा असे साधे काळपट पाने निघाले. तुमचा युद्धकाळातला. घासून 'चमकवायला' गेलात तर त्याची सगळी ओळखच जाईल.

तात्या_टूलरूम:
पिंपरीत टूलरूममध्ये नोकरी झाली, आता निवृत्त. १/२ आणि ७/८ चं कोडं सोडवतो.

पूर्वी पान्यावर नटाचं माप नसायचं, बोल्टचं असायचं. अर्ध्या इंचाच्या बोल्टचा पाना म्हणून १/२. आता जुन्या यूएस स्टँडर्डचा (अमेरिकेच्या प्रमाण मापांचा) हिशेब आपल्या सुतात करा, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग: बोल्टच्या दीडपट अधिक एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत, दीडपट सहा, वर एक, झाले सात. सात सूत म्हणजे ७/८. बरोबर बसलं! पुढे मोटारींसाठी एसएई (अमेरिकन मोटार इंजिनिअरांच्या संस्थेची) मापं आली, त्यात अर्ध्या इंचाच्या बोल्टला ३/४ चा लहान नट. मग कोणता १/२ असा गोंधळ व्हायला लागला आणि हळूहळू कंपन्या तोंडाचं खरं माप कोरू लागल्या. म्हणून बोल्टचं माप लिहिलेला एस पाना दिसला की तो जुन्या पिढीचा. त्रिकोणातला बी म्हणजे हार्टफर्ड, कनेटिकटची बिलिंग्ज अँड स्पेन्सर. यातले स्पेन्सर म्हणजे यादवी युद्धात गाजलेल्या स्पेन्सर रायफलचे जनक. बंदुकीच्या धंद्यातला माणूस पाने घडवू लागला!

इथल्या वाचकांसाठी एक इशारा. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात '१/२' लिहिलेला जाड पाना मिळाला की लोक अमेरिकन समजून घेतात. आपल्याकडे इंग्रजांमुळे विटवर्थचे (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने ढिगाने आहेत. विटवर्थमध्ये अर्ध्या इंची बोल्टचं तोंड ०.९२० इंच, यूएस स्टँडर्डमध्ये ०.८७५. कॅलिपर लावा, भानगड मिटते. शिवाय डब्ल्यू किंवा बीएस अशी अक्षरं असली तर ते माप ब्रिटिश.

भंगारप्रेमी:
तात्या, सूत वाचून बरं वाटलं. आमच्या गॅरेजमध्ये अजून 'पाच सुती गोटी दे रे' असंच चालतं, पोरं मिलिमीटरवाली असली तरी.

एरीकाठ:
तात्या, कॅलिपरने पुन्हा मोजलं, ०.८८ भरतंय. तोंड जरा फाकलेलं दिसतंय.

मामा, खडूची युक्ती जबरदस्त! तेवढ्यात लेकाने एक क्रोमचा छोटा पाना पुढे केला. त्यावर पेटंट ८७ हजार काहीतरी. त्याने फोनवर यादी काढून जाहीर केलं की हा १८६९ चा! घरात आनंदीआनंद आहे. खरं का?

मिशिगनचा_मामा:
आनंदावर विरजण घालतो, माफ करा. आकड्याच्या आधी 'डेस' किंवा 'डी' अशी बारीक अक्षरं असतील, बघा. ते डिझाइन पेटंट. त्याची मालिकाच वेगळी. १९३० ते १९४० या दहा वर्षांत डिझाइनचे क्रमांक साधारण ८० हजारांवरून १ लाख १८ हजारांवर गेले. तेच आकडे साध्या पेटंटच्या यादीत शोधले तर १८६८ ते १८७१ असं साल येतं. या सापळ्यात पुष्कळ जण अडकतात.

आणि पेटंट न पाहताही कळलं असतं. तुम्हीच लिहिलंय 'क्रोमचा'. क्रोमचा मुलामा बाजारात आला १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी निकेल. निकेल किंचित पिवळसर, उबदार दिसतं, क्रोम निळसर थंड. दोन पाने खिडकीपाशी शेजारी शेजारी धरले की फरक लगेच कळतो. 'क्रोम व्हॅनेडियम' हा शब्द कोरलेला असेल तर तेही बहुधा १९२० च्या दशकातलं किंवा त्यानंतरचं. एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला त्याच मापाची रिंग, हा आज सर्रास मिळणारा कॉम्बिनेशन पाना १९३० च्या दशकात रुळला. त्याआधीचा म्हणून कुणी विकायला आला तर शांतपणे पुढच्या टेबलाकडे जा.

अजून एक. काळपट पाना दिसला की प्रत्येक वेळी 'युद्धकाळ' म्हणू नका. क्रोम झिजूनही पाना काळा पडतो. रिंगच्या आतल्या दातांच्या कोपऱ्यात आणि अक्षरांच्या तळाशी भिंगाने पाहा. तिथे चकाकी उरली असेल तर तो मूळचा क्रोमचाच.

सॉकेटसखा:
चिमुकल्या गोट्यांचं मी सांगतो, माझा जीव त्यातच अडकलाय. त्या पाव इंची नाहीतच. गोटीच्या मागचा चौकोन, ज्यात रॅचेटचा खुंट बसतो, तो मोजा, ९/३२ भरेल. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ९/३२ म्हणजे ७.१४. त्या जवळजवळ ०.८ मिमीमुळेच डुगडुगतंय. छोट्या हत्यारांसाठी आधी ९/३२ चालायचं, स्नॅप-ऑनची 'मिजेट' मालिका याच मापाची होती. पुढे सगळे पाव इंचावर आले. म्हणजे ९/३२ हे स्वतःच सालाची खूण, बहुधा युद्धापूर्वीच्या किंवा युद्धकाळातल्या. कंपनीचं नाव नसलं तरी फेकू नका. ज्यांच्याकडे ९/३२ चं रॅचेट पडून आहे ते गोट्यांसाठी वणवण फिरत असतात.

स्नॅप-ऑनचं नाव निघालंच आहे तर, ती १९२० साली मिलवॉकीत सुरू झाली, १९३० ला केनोशात गेली. तिच्या नावाशेजारी एक बारीक अंक किंवा खूण असते, ती सालाची. दर दशकात त्या अंकाचं वळण बदलतं, त्यामुळे नुसता '५' वाचून चालत नाही, कसा '५' ते पाहावं लागतं. तक्ते नेटवर सहज मिळतात.

क्राफ्ट्समनचं गणित उलटं. तो तेव्हा सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीचा छाप होता, १९२७ पासूनचा, पण सीअर्सने स्वतः पाना कधी घडवलाच नाही. वेगवेगळ्या कारखान्यांकडून करून घ्यायचे आणि कारखान्याची खूण म्हणून बारीक अक्षर ठोकायचे. व्ही म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची मूर ड्रॉप फोर्जिंग. रेघांमधला व्ही आधीचा, महायुद्धानंतरच्या वर्षांतला, आणि नुसता व्ही त्यानंतरचा. शिवाय क्राफ्ट्समनला आयुष्यभराची हमी होती. गोटी फुटली की दुकानात नेऊन नवी आणायची. म्हणून एकाच पेटीत १९५० ची गोटी आणि तिच्या शेजारी १९८० ची असं हमखास सापडतं. एका गोटीवरून अख्ख्या संचाचं साल ठरवू नका.

गंजलेला_खिळा:
मी तर सगळं रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकतो. आजवर काही झालं नाही. एवढं काय सोवळं?

तात्या_टूलरूम:
खिळेभाऊ, साध्या लोखंडाला चालतं, लक्ष ठेवलं तर. पण त्या काळात बऱ्याच हत्यारांना कॅडमियमचा मुलामा असे. मळकट राखाडी, मऊसर दिसतो, कधी पिवळट झाक. कॅडमियम विषारी. व्हिनेगरमध्ये विरघळतं, वायर व्हीलने धूळ होऊन छातीत जातं, तापवलं तर वाफ आणखी वाईट. शंका आली की तेल आणि फडकं, बस्स. हातमोजे घाला, आणि ते फडकं स्वयंपाकघरात नेऊ नका.

बिनमुलाम्याच्या गंजलेल्या पान्याला धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरवालं इलेक्ट्रोलिसिस उत्तम. दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेसचा तुकडा मुळीच नको, त्यातून क्रोमियमचा घातक प्रकार पाण्यात उतरतो. मोकळ्या हवेत करा.

भंगारप्रेमी:
साल कळून नट लवकर सुटतो का हो? 😄

मिशिगनचा_मामा:
नाही, पण सुटत नसला की चिडचिड कमी होते.

एरीकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. लेकाला क्राफ्ट्समनच्या गोट्या द्या, बिनधास्त वापरू द्या. त्या लाखांनी निघाल्या, नवलाई काही नाही आणि पोलाद चांगलं आहे. आधी प्रत्येक गोटीची कड नखाने चाचपून केसाएवढी चीर आहे का बघा, आणि इम्पॅक्ट गनवर (ठोके देत नट सोडवणाऱ्या यंत्रावर) एकही जुनी गोटी लावू नका, फुटली तर तुकडा डोळ्यात जातो. बिलिंग्जचा पाना आजच्या नटाला नीट बसेलच असं नाही, त्यातून तोंड फाकलंय, तो भिंतीवर. प्लॉम्ब हलकं तेल लावून ठेवा. रॅचेटचं नाव वाचता आलं की इथेच टाका, १९३२ च्या पेटंटांतून नेमकं कोणतं ते हुडकू. गूगल पेटंट्सवर जुनी चित्रं आहेत, आतल्या खटक्याची रचना जुळवून पाहता येते.

बार्कालो राहिलाच. तीच बफेलोची कंपनी जिने पुढे बार्कालाउंजर नावाची आरामखुर्ची काढली. मागे रेलून पाय वर करायची, ती. पानेवाल्यांनी खुर्ची काढावी यात मला तरी काही गैर वाटत नाही, पाना फिरवून पाठ त्यांचीही दुखत असणार. बाजारात फार भाव नाही, पण गोष्ट सांगायला छान.

सॉकेटसखा:
९/३२ च्या गोट्या द्यायच्या ठरल्या तर आधी मला कळवा. मी पेन्सिल्व्हेनियातल्या एरी गावात आहे, गाडीने येऊन घेऊन जाईन. बदल्यात पाव इंची पूर्ण संच देतो, लेकाच्या कामाचा.

एरीकाठ:
चालेल. रविवारी दुपारी या. येताना तुमचं ९/३२ चं रॅचेट घेऊन या, आधी लावून बघू.