मदत हवी आहे: जंतू न धरणारं टेबल कशाचं घ्यावं? (घाई आहे)

घाईत_आहे: किचनमधल्या चिरायच्या टेबलाच्या स्वॅबचा (बोळा फिरवून जंतू तपासतात तो) रिपोर्ट दुसऱ्यांदा खराब आला. आता टेबलच बदलतोय. जंतू धरणारच नाहीत असं मटेरियल सांगा, परवा ऑर्डर द्यायचीय. 'स्वच्छता ठेवा' छाप सल्ले नकोत, रोज धुतो.

तिरपा_डोळा: सध्याचं कशाचं आहे? स्वॅब नेमका कुठून घेतला? धुता म्हणजे कशाने?

घाईत_आहे: स्टीलचं हो, असतं तसंच. मटेरियल सांगा ना.

ताम्रपट: तांबं, दुसरं काही बघूच नका. अमेरिकेच्या ईपीएने (सरकारी पर्यावरण संस्थेने) २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून नोंद केली. दोन तासांत ९९.९ टक्के जंतू खलास.

तिरपा_डोळा: आणि ते दोन तास काम बंद? शिवाय पीएच ६ च्या खालचं, म्हणजे आंबट काही सांडलं की तांबं त्यात उतरतं. दाराच्या मुठींना लावा हवं तर.

ताम्रपट: मुठीवर कोण चिरतंय?

ठणठणीत: चांदीच्या आयनांचं कोटिंगही मिळतं, पण माहितीपत्रकाला भुलू नका. अशा कोटिंगची ठरलेली चाचणी असते, आयएसओ २२१९६; ती जंतूंच्या द्रावावर फिल्म झाकून, ३५ अंशांच्या दमट उबेत २४ तास ठेवून करतात. तुमचं टेबल काय असं झाकून बसणारे?

सुतारपक्षी: लाकूड! अन्नसुरक्षेचे संशोधक डीन क्लिव्हर यांनी तपासलंय, जंतू लाकडात शोषले जातात आणि आतच मरतात. सुरीच्या चरे पडलेल्या प्लास्टिकपेक्षा बरं.

चकचकीत: स्टीलवरचे पाण्याचे डाग व्हिनेगरने जातात. मऊ फडकं घ्या.

तिरपा_डोळा: डागांचं कोणी विचारलं? धागाकर्ते, स्वॅब कुठला?

घाईत_आहे: टेबलावरच्या बोर्डचा. पांढरा प्लास्टिकचा, जुना आहे. संध्याकाळी ब्लीच ओततो, तसंच दाट, आणि फडक्याने पुसतो.

तिरपा_डोळा: हे आत्ता सांगताय होय! बोर्डवर नख फिरवून बघा. अडकलं तर टेबल निर्दोष, बोर्ड फेका. मळावर ओतलेलं ब्लीच मळातच खर्ची पडतं. आधी साबणाने घासा, खळखळून धुवा, मग पातळ केलेलं ब्लीच, आणि हवेवर वाळू द्या. त्या फडक्याने पुसलंत की सगळं परत जागच्या जागी. दाट ब्लीचने ३०४ ग्रेडच्या, म्हणजे नेहमीच्या स्टीलला बारीक खड्डे पडतात, तेही तपासा. स्टील घ्यायचंच तर ३१६ ग्रेडचं घ्या, त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्याने खड्डे कमी पडतात. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रोमीटरच्या आत मागा.

सुतारपक्षी: म्हणजे लाकडी बोर्ड. मी तेच म्हणत होतो.

ठणठणीत: तुम्ही टेबल म्हणत होतात.

घाईत_आहे: नख अडकतंय. चऱ्यांमध्ये काळी रेघही दिसतेय. पण टेबलाच्या कडेचं सिलिकॉनसुद्धा तसंच काळं आहे, ते घासून चालेल की उकरून काढू?