साथीच्या काळात हृदयाची लय बिघडली, तर पहिला तास कसा वाचवावा?

जुळेसोलापूरकर:

नमस्कार. जुलै २०२० मधील एका रात्रीविषयी जाणकारांना विचारावयाचे आहे. सोलापूर शहरात तेव्हा पुन्हा कडक संचारबंदी होती. रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या आईला अचानक छातीत धडधडू लागले. तिचे वय तेव्हा ६२ होते आणि मधुमेह सोडला तर दुसरा आजार नव्हता. 'बटण दाबल्यासारखे एकदम सुरू झाले,' असे ती सांगत होती. घरात नुकताच आणलेला ऑक्सिमीटर आम्ही तिच्या बोटाला लावला. त्यावर ९७ आणि १८८ असे दोन आकडे दिसले. त्या दिवसांत सगळ्यांचे लक्ष ऑक्सिजनवरच असल्यामुळे ९७ पाहून आमचा जीव भांड्यात पडला आणि १८८ या आकड्याचा अर्थ आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आला नाही. लिंबूपाणी देऊन, पंख्याखाली झोपवून आम्ही दीड तास वाट पाहिली. सिव्हिलमध्ये कोविडचे रुग्ण दाखल आहेत, तेथे गेल्यास आईला लागण होईल, या भीतीने तिकडे जाण्याचा विचारही केला नाही.

मध्यरात्री तिला घाम फुटून डोळ्यांसमोर अंधारी आली, तेव्हा गाडी काढली. दोन खाजगी रुग्णालयांनी दारातच कोविडचा अहवाल मागितला आणि अहवाल नसल्याने पुढे जाण्यास सांगितले. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरांनी पोर्चमध्येच स्ट्रेचरवर ईसीजी काढला, कोपराजवळच्या शिरेत एक इंजेक्शन भराभर दिले आणि क्षणभर आपले सगळे थांबले असे आईला वाटले, तोच ठोके ८४ वर आले. तेव्हा सव्वादोन वाजले होते. पावणेचार तास जे थांबले नव्हते, ते एका मिनिटात थांबले.

आई आज ठीक आहे. तरीही ती रात्र मनातून जात नाही. घरी आम्ही काय करायला हवे होते? अहवालाशिवाय उपचार न करण्याला वैद्यकीय आधार होता का? आणि अशी साथ पुन्हा आली, तर आधीपासून कोणती तयारी ठेवावी?

निवृत्त भिषक:

आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. एकदम सुरू होणारी, १८०-१९० च्या घरातली धडधड आणि इंजेक्शनने क्षणात उतरलेले ठोके, या वर्णनावरून आपल्या आईंना एसव्हीटी हा लयीचा विकार झाला असावा. हृदयाच्या वरच्या भागात विजेचा प्रवाह एका वर्तुळात अडकतो आणि फिरतच राहतो. दिलेले औषध बहुधा ॲडेनोसिन असावे. ते काही सेकंदच रक्तात टिकते, म्हणून मोठ्या शिरेत झटकन द्यावे लागते आणि पाठोपाठ सलाइनही सोडावे लागते. ते वर्तुळ क्षणभर तोडते आणि हृदयाची स्वतःची लय पुन्हा सुरू होते. ते दिल्यावर 'जीव गेल्यासारखे' वाटते, असे बहुतेक रुग्ण सांगतात. रुग्णाला हे आधी सांगून ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे.

याच विकारासाठी औषधाविना एक उपाय आहे. रुग्णाला अर्धवट टेकवून बसवायचे, १० मिलिलीटरच्या सिरिंजच्या नळीत फुंकर घालून दट्ट्या जेमतेम हलेल इतका जोर १५ सेकंद लावायला सांगायचे आणि लगेच आडवे करून त्याचे पाय ४५ अंशांपर्यंत १५ सेकंद उचलून धरायचे. इंग्लंडमध्ये झालेला या पद्धतीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४२८ रुग्ण होते. नेहमीच्या जोर लावण्याच्या पद्धतीने १७ टक्के रुग्णांची लय सुधारली, तर पाय उचलण्याची जोड दिल्यावर ४३ टक्क्यांची सुधारली. मात्र ही कृती आपल्या डॉक्टरांनी एकदा निदान करून समोर बसवून शिकवलेली असावी. वाचून करू नये. मानेची नस दाबण्याचा प्रयोग तर घरी मुळीच करू नये.

आता आपला दुसरा प्रश्न. तो मला अस्वस्थ करतो, कारण मी दाराच्या आतल्या बाजूला होतो. अहवाल मागण्यामागे भीती होती आणि ती खोटी नव्हती, आमचे सहकारीही आजारी पडत होते. पण त्या भीतीवरचा उपाय म्हणजे प्रत्येक रुग्ण बाधित आहे असे धरून मास्क, हातमोजे आणि चेहऱ्यावरची ढाल घालून त्याला हात लावणे हा होता. ईसीजी काढायला दोन-तीन मिनिटे पुरतात आणि तो उघड्या पोर्चमध्ये काढता येतो, हे त्या तरुण डॉक्टरांनी दाखवून दिलेच. रक्तदाब घसरलेला, शुद्ध हरपत असलेला किंवा छातीत दुखत असलेला रुग्ण अतिवेगवान ठोक्यांसह आला, तर त्याला विजेचा झटका देऊन लय जागेवर आणावी लागते. तो निर्णय तपासणीच्या अहवालावर कधीच अवलंबून नसतो. लागणीचा मुख्य धोका श्वासनलिकेत नळी घालताना असतो, झटका देताना तो अत्यल्प असतो. म्हणूनच २०२० च्या वसंतात पुनरुज्जीवनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनीही पूर्ण संरक्षक पोशाख चढवण्याआधी झटका देण्याचा विचार करण्यास मुभा दिली होती.

दार बंद राहिल्याची आणि लोक दारापर्यंत न आल्याची किंमत अन्यत्र मोजलीही गेली आहे. इटलीतील लोम्बार्डी प्रांतात साथीच्या पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याचे प्रकार आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी वाढले होते. त्यांत कोविडचा स्वतःचा वाटा मोठा होता, पण सगळा नव्हता. डेन्मार्कमध्ये टाळेबंदीच्या पहिल्या तीन आठवड्यांत एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित ठोक्यांच्या विकाराची नवी निदाने ४७ टक्क्यांनी घटली. आजार तीन आठवड्यांत निम्म्यावर आला नव्हता. लोक घरी बसले होते.

आपल्या आईंना सांगा की आपण थांबलात यात आपला दोष नव्हता. ऑक्सिमीटरवरचा दुसरा, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या नाडीच्या ठोक्यांचा, आकडा वाचायला आम्ही डॉक्टरांनीच लोकांना शिकवले नाही.

एकशेआठचा साथी:

मी त्या वर्षी १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम करत होतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. त्यांत मॉनिटर आणि झटका देण्याचे यंत्र असते. फोनवर आपण काय सांगता, त्यावरून कोणती गाडी पाठवायची हे ठरते. 'आईला बरे वाटत नाही' या वाक्यातून आम्हाला काहीच कळत नाही. 'नाडी १८८ आहे, घाम आला आहे, उभे राहिल्यावर अंधारी येते' असे म्हटल्यास चित्र लगेच बदलते. स्वतःच्या गाडीतून तीन दारे फिरताना वाटेत रुग्णाचे हृदय थांबले असते, तर गाडी चालवणाऱ्या मुलाच्या हाती काहीच नसते, याचा विचार कृपया करावा.

दुसरी विनंती अशी की घरात ताप किंवा खोकला असल्यास तो लपवू नये. तेव्हा पुष्कळ जण लपवत असत आणि मला त्यांची भीती समजत होती. पण आधी कळले, तर आम्ही गाडीतच पोशाख चढवून उतरत असू. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या पोशाखात अंगावरचे कपडे भिजून जात, तरी पाच मिनिटांत तयार होता येत असे. नंतर कळले, तर गाडी आणि माणसे दोन्ही अडकत आणि पुढच्या रुग्णाला उशीर होई.

रुग्ण कोसळला आणि श्वास दिसत नसेल, तर गाडी येईपर्यंत छाती दाबत राहावे: मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने. साथीच्या काळात रुग्णाच्या नाकातोंडावर कापड टाकावे, स्वतः मास्क लावावा आणि तोंडाने श्वास देऊ नये. हातांनी दाबणे मात्र थांबवू नये, कारण मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

पूर्वभागातली लेक:

आमच्या पूर्व भागातील घरांत या त्रासाला तेलुगूत 'गुंडे दड' म्हणतात आणि ती काळजीने किंवा उपाशीपोटी राहिल्याने होते, अशी समजूत आहे. माझी आई विडी वळते. तिच्या हृदयाच्या झडपेला लहानपणीच्या संधिवाताच्या तापामुळे विकार आहे. ठोके अनियमित असतात आणि रक्त पातळ राहण्याची गोळी रोज घ्यावी लागते. टाळेबंदीत विडीचे काम बंद, रिक्षा बंद, त्यामुळे चार महिने आयएनआरची (रक्त किती पातळ आहे हे दाखवणाऱ्या आकड्याची) तपासणी झालीच नाही. गोळी चुकली नाही, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. तपासले तेव्हा २ ते ३ असायला हवा तो आकडा १.३ निघाला. डॉक्टरांनी विचारले, जेवणात काय बदलले? बाकी भाजी महागली होती, म्हणून आम्ही रोज दारावर येणारी मेथी आणि चाकवत खात होतो. पालेभाजीतील के जीवनसत्त्वामुळे या गोळीचा परिणाम कमी होतो, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले. पालेभाजी बंद करायची नाही, पण प्रमाण रोज सारखे ठेवायचे, असे त्यांनी सांगितले. तातडीची वेळ आमच्यावर आली नाही, ती थोडक्यात चुकली.

माझी शंका अशी आहे की शेजारच्या एका काकांनी कोविड होऊ नये म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन या गोळ्या स्वतःच आणून घेतल्या होत्या. त्यांना चक्कर येऊन ते पडले. त्याचा हृदयाशी संबंध असू शकतो का?

निवृत्त भिषक:

ताई, संबंध असू शकतो. या दोन्ही औषधांमुळे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पूर्ववत होण्यास लागणारा वेळ लांबतो. ईसीजीवर आम्ही त्याला क्यूटी अंतर म्हणतो. ते ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेले, तर जीवघेणी अतिवेगवान लय सुरू होण्याचा धोका बराच वाढतो आणि जुलाबामुळे पोटॅशियम उतरलेले असेल, तर तो आणखी वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १५ जून २०२० रोजी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या तातडीच्या वापराची परवानगी मागे घेतली. त्यामागे औषधाचा उपयोग न दिसणे आणि हृदयावरचे हे परिणाम, अशी दोन्ही कारणे होती. चक्कर येऊन पडलेल्या माणसाने आपण घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे पाकीट सोबत आणावे, ही माझी प्रत्येक घराला विनंती आहे. शुद्ध हरपणे हे लक्षण 'अशक्तपणा' म्हणून कधीच सोडून देऊ नये. ठोके ३०-४० वर उतरणाऱ्या रुग्णालाही अशीच चक्कर येते आणि त्याला तात्पुरता पेसमेकर लागू शकतो.

जुळेसोलापूरकर:

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. आईचा त्या रात्रीचा ईसीजी माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. तो कायम सोबत ठेवावा का? आणि मधुमेहामुळे तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर लेझर झालेले आहे, तिला ती फुंकरीची कृती चालेल का?

निवृत्त भिषक:

ईसीजी अवश्य ठेवा. त्याचा कागद कालांतराने फिका पडतो, म्हणून आजच छायाप्रत काढा आणि मोबाइलमध्ये फोटोही ठेवा. धडधड चालू असताना काढलेला ईसीजी हा या विकाराचा सर्वांत मोलाचा पुरावा असतो, कारण रुग्ण बरा झाल्यावर काढलेला बहुधा साधाच येतो. त्याच्या मागे चालू गोळ्या, ॲलर्जी, दम्याचा त्रास आहे की नाही आणि धडधड किती वाजता सुरू झाली हे लिहिण्यासाठी एक मोकळी ओळ ठेवा. दम्याच्या रुग्णाला ॲडेनोसिन देताना डॉक्टरांना विचार करावा लागतो. सुरुवातीची वेळ एट्रियल फिब्रिलेशनमध्ये फार महत्त्वाची ठरते, कारण ते ४८ तासांहून अधिक चालले असेल, तर हृदयात गुठळी झालेली असण्याची शक्यता धरून उपचार बदलतात.

फुंकरीची कृती सध्या करू नका. जोर लावल्याने डोळ्यांतील दाब वाढतो, म्हणून आधी नेत्रतज्ज्ञांचे मत घ्या. अशी धडधड पुन्हा पुन्हा होऊ लागली, तर रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशनने (हृदयातील नेमकी जागा उष्णतेने जाळण्याच्या उपचाराने) ते वर्तुळ घडवणारा विजेचा जादा मार्ग कायमचा बंद करता येतो. त्याविषयी हृदयरोगतज्ज्ञांशी आताच, साथ नसताना, बोलून ठेवा.