दारावर शेरीफ सेलची नोटीस, आम्ही भाडेकरू. काय करावं?

नमस्कार मंडळी,

काल ऑफिसातून आले तर पुढच्या दाराला निळ्या टेपने कागद चिकटवलेला. वर 'शेरीफ सेल' (म्हणजे कर्ज थकलं म्हणून शेरीफने करायचा घराचा लिलाव), खाली आमचा पत्ता आणि घरमालकांचं नाव. आमचं नाव कुठेच नाही. न्यू जर्सीत एडिसनला दोन मजली घर आहे, वर आम्ही, खाली दुसरे भाडेकरू. मालक इथे राहत नाहीत. लीज मार्चपर्यंत आहे आणि भाडं एकदाही चुकवलेलं नाही. फोन केला तर मालक म्हणाले, "ते बँकेचं काहीतरी चाललंय, तुम्ही लक्ष देऊ नका. फक्त पुढचं भाडं कॅशमध्ये द्या." यावर तर झोपच उडाली. मुलगी दुसरीत आहे, वर्षाच्या मध्येच शाळा बदलायची नाही. दीड महिन्याचं डिपॉझिट मालकांकडे अडकलंय. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, त्याला काही त्रास होईल का? आत्तापासूनच घर शोधायला लागू का?

एडिसनची एक नवी सभासद

*

ताई, माझं ऐका. आजपासून भाडं बंद करा. तो बँकेचे हप्ते भरत नाही, मग तुम्ही त्याचे खिसे का भरायचे? डिपॉझिट असंच वसूल होईल. माझ्या ओळखीत एकाने हेच केलं होतं.

*

ताई, वरचा सल्ला मनावर घेऊ नका. (सल्ला देणारे माझे मित्रच आहेत, रागावणार नाहीत. रागावले तर चहाला बोलावीन.)

न्यू जर्सीत भाडेकरूला बाहेर काढायचं तर कायद्याने ठरवून दिलेलं कारण लागतं. १९७४ चा अँटी-इव्हिक्शन ॲक्ट म्हणतात तो हा. मालकाने कर्ज बुडवलं हे कारण त्या यादीत नाही. भाडं थकवलं हे मात्र यादीत पहिल्याच नंबरवर आहे! म्हणजे भाडं थांबवलंत की बँकेला हवं ते कारण तुम्हीच हातात दिलंत. फोरक्लोजर करणारी, म्हणजे कर्ज थकलं म्हणून घर ताब्यात घेणारी बँकसुद्धा या कायद्याने बांधलेली आहे, असा निकाल न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्येच दिलाय. लीज मार्चला संपली म्हणून एप्रिलमध्ये सामान उचला, असंही ती सांगू शकत नाही. बँक काही तुमच्या बेडरूममध्ये राहायला येत नाहीये.

शिवाय केंद्राचा कायदा आहे, प्रोटेक्टिंग टेनंट्स ॲट फोरक्लोजर ॲक्ट. २००९ च्या मंदीत आला, २०१४ च्या शेवटी मुदत संपली, २०१८ मध्ये परत आला तो कायमचा. त्यात मालकी बदलण्याआधी केलेली खरी लीज नव्या मालकाला पाळावी लागते. घेणारा स्वतः राहायला येणार असेल तर लीज मोडता येते, पण तेव्हाही निदान ९० दिवसांची नोटीस हवीच. राज्याचा कायदा याहून जास्त देत असेल तर ते जास्तीचंही तुमचंच.

भाडं कोणाला द्यायचं? डीड (मालकीचा दस्त) नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत जुनाच मालक. कोर्टाने भाडं गोळा करायला कोणी नेमला असेल तर त्याला, पण आधी त्याचा कोर्टाचा आदेश बघून. द्यायचं ते चेकनेच. कॅशची पावती तुमचा मालक देणार नाही, आणि उद्या नवा मालक विचारेल, "भरल्याचा पुरावा?" मालकी बदलल्यावर नव्या मालकाने दहा कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये नोटीस द्यायची असते. डिपॉझिटची जबाबदारीही त्याच्यावर येते, जुन्याने ते त्याच्याकडे दिलेलं असो वा नसो.

हे सगळं मला इतकं तोंडपाठ का, तर २०१० मध्ये माझ्या दारावरही असाच कागद लागला होता. घाबरून तीन आठवड्यांत घर सोडलं, डिपॉझिटवर पाणी सोडलं, व्हॅन भाड्याने घेऊन जुलैच्या उन्हात सोफा तीन जिने चढवला. खालचं कुटुंब शांतपणे तिथेच राहिलं. दीड वर्षाने ते मला दुकानात भेटले, पत्ता तोच! बायको अजून तो सोफा दाखवून मला टोमणे मारते.

व्हिसाशी याचा संबंध नाही. कर्ज तुमचं नाही, त्यामुळे क्रेडिटलाही धक्का नाही. जपायचं ते एवढंच की तुमच्या नावावर कोर्टात इव्हिक्शनची केस पडू नये. पुढचं घर भाड्याने घेताना ती दिसू शकते.

*

काका, मी एका मित्राच्या बेसमेंटमध्ये राहतो. मित्र वर राहतो, भाडं निम्मंच घेतो. त्याचेही हप्ते थकलेत असं कानावर आलंय. मलाही हेच लागू?

*

तुझं जरा अवघड आहे रे. मालक स्वतः राहतो आणि भाड्याच्या जागा दोन किंवा कमी, अशा घराला अँटी-इव्हिक्शन ॲक्ट लागत नाही. केंद्राच्या कायद्यातही भाडं बाजारभावापेक्षा फारच कमी असेल तर लीज खरी धरत नाहीत. कर्जदाराचे आईवडील, मुलं, नवराबायको यांना तर तो मुळातच नाही. मित्राशी आजच बोल. आणि लेखी काही नसेल तर वकिलाला भेट, या मेलिंग लिस्टवरच्या सल्ल्यावर विसंबू नकोस.

ताई, एक राहिलं. विक्रीनंतर कोणी गोड बोलून, "एवढे डॉलर घ्या आणि महिन्यात किल्ल्या द्या," म्हणेल. घेणं न घेणं तुमची मर्जी. तिथल्या तिथे सही करू नका. कुलूप बदलायची धमकी दिली तर पोलिसांना फोन करा, कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणालाही तसं करता येत नाही.

*

काका, मनापासून आभार. मालकांना मेसेज केला, "चेकच देणार." दोन तासांनी उत्तर आलं: "ओके." खालच्या वहिनींनाही सगळं सांगितलं. त्यांनी खोके आणून ठेवले होते, ते परत गॅरेजमध्ये गेले. नावाऐवजी 'ऑक्युपंट' (घरात राहणारा) लिहिलेली दोन पाकिटं मी जाहिरात समजून रिसायकलिंगमध्ये टाकली होती, ती आत्ताच डब्यातून बाहेर काढली. एक खरंच पिझ्झाची जाहिरात निघाली. दुसरं कोर्टाचं आहे, उद्या स्कॅन करून तुम्हाला पाठवते.