सर्वकालीन दहा महान प्रोफेशनल रेसलर : क्रम लावायचा तर कोणत्या मापाने?

पत्तेबाज

डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) पत्त्यांवर रँक, उंची, वजन, छाती, जिंकलेल्या फाइट्स असं सगळं छापलेलं असायचं, त्यामुळे थोर कोण यावर फार वेळ डोकं लावावं लागत नसे. आता सर्वकालीन पहिल्या दहांची यादी करायला बसलोय आणि काही केल्या जमत नाहीये. सध्याचा कच्चा क्रम असा: जॉन सीना, रिक फ्लेअर, हल्क होगन, अंडरटेकर, स्टीव्ह ऑस्टिन, शॉन मायकल्स, ट्रिपल एच, रॉक, ब्रेट हार्ट, रोमन रेन्स.

सीना सर्वांत वर, कारण २०२५ च्या रेसलमेनियात (डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम) कोडी ऱ्होड्सला हरवून तो १७ वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि फ्लेअरचा १६ चा विक्रम मोडला. पण नुसते किताब मोजणं बरोबर आहे का? वेगवेगळ्या काळातल्या लोकांना एकाच मापाने कसं मोजायचं? आणि मत बनवायला नेमक्या कुठल्या लढती बघू? निकाल आधीच ठरलेले असतात हे मला माहीत आहे, त्यावरून धागा भरकटवू नये ही विनंती.

तिसरी दोरी

तुमच्या शेवटच्या वाक्यातच पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. निकाल बुकर, म्हणजे कंपनीचा लढती आखणारा माणूस, ठरवतो; म्हणजे किताबांची संख्या फार तर एवढंच सांगते की कंपनीने त्या माणसावर किती वेळा डाव लावला. आणि संख्या जास्त म्हणजे बेल्ट जवळपास तितक्याच वेळा गेलासुद्धा. ब्रूनो सामार्टिनोची चॅम्पियन म्हणून पहिली कारकीर्द मे १९६३ ते जानेवारी १९७१, सलग २,८०३ दिवस चालली. मोजणीत तो एकच किताब!

फ्लेअरचा १६ हा आकडाही पक्का नाही. मार्च १९८४ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये तो हार्ली रेसकडून हरला आणि तीन दिवसांनी सिंगापूरमध्ये बेल्ट परत जिंकला. हे दोन्ही निकाल अमेरिकेत बरीच वर्षं धरलेच गेले नाहीत. अशा अदलाबदली धरल्या तर आकडा विशीच्या पुढे जातो. मग सीनाने नेमका कुठला विक्रम मोडला?

जुन्या काळी मात्र बेल्टला वेगळा अर्थ होता, आणि इथेच बहुतेक याद्या फसतात. १९२५ मध्ये प्रवर्तकांनी वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला चॅम्पियन केलं होतं. गर्दी खेचायचा, पण कुस्ती यायची नाही. फिलाडेल्फियात स्टॅनिस्लॉस झिबिस्कोने ठरल्याप्रमाणे हरायचं नाकारलं आणि रिंगमध्ये त्याला खरोखर चीत केलं. बेल्ट गेला आणि धंद्याची घडीही विस्कटली. असा दगा झाला तर स्वतःला वाचवू शकेल असा चॅम्पियन असणं म्हणूनच मोलाचं ठरलं. लू थेझ नेमका तसा होता, खऱ्या सबमिशनचे (शरण आणायचे) डाव हाडीमाशी भिनलेले. पुढे एनडब्ल्यूए या प्रवर्तकांच्या संघटनेचा चॅम्पियन बेल्टपोटी अनामतही भरायचा. फ्लेअरची २५,००० डॉलर होती. १९९१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या त्याच्या कंपनीने त्याला काढलं, पण पैसे परत केले नाहीत. तो बेल्ट घेऊनच विन्स मॅकमॅहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफकडे गेला. थेझचा १९५० च्या दशकातला एक किताब आणि २०१० नंतरचे पाच एका रांगेत मांडू नका.

लाल माती

दहांत दारासिंग नाहीत? १९६८ साली मुंबईत याच लू थेझला हरवून ते विश्वविजेते झाले. आणि मुळात ही सगळी नाटकं. खाशाबा जाधव ज्या देशात होऊन गेले तिथे बेल्ट मिरवणाऱ्यांच्या याद्या कसल्या करताय?

तिसरी दोरी

लाल माती, खाशाबांची यादी निराळी आणि तिथे हे दहाच्या दहा जण दारातही उभे राहणार नाहीत. त्यावर वाद नाही. महाराष्ट्र केसरी, हिंदकेसरी यांचा धागा काढा, आनंदाने लिहीन.

दारासिंग मात्र या यादीच्या चर्चेत हवेतच, फक्त कारण दुसरं. थेझने एनडब्ल्यूएचा किताब जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीकडे गमावला होता आणि १९६९ पर्यंत तो किनिस्कीकडेच होता. त्यामुळे '६८ ची मुंबईची लढत त्या किताबासाठी असूच शकत नाही. दारासिंगांचं मोठेपण गर्दीत आहे. किंग काँग नावाच्या पैलवानाबरोबरच्या त्यांच्या लढतींना स्टेडियम भरायची, आणि त्या नावावर पुढे सिनेमाचं अख्खं करिअर उभं राहिलं. गर्दीच्या रकान्यात त्यांना सढळ हाताने गुण द्या. रिंगमधल्या कामाचं चित्रीकरण फार थोडं उरलंय, तिथे अंदाजाने गुण देऊ नका.

जाता जाता: वर ज्या झिबिस्कोचं नाव आलं, त्याच्याशी गामा १९१० मध्ये लंडनला अडीच तासांहून जास्त लढला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळात गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. दोन्ही जगांना जोडणारा माणूस हवा असेल तर तो झिबिस्को.

काउंटआउट

मापाचं मी सांगतो. १०० गुण असे वाटा: गर्दी ३०, रिंगमधलं काम ३०, माईक आणि व्यक्तिरेखा १५, नंतरच्यांवर प्रभाव १५, टिकाव १०. किताब आणि जय-पराजय शून्य.

गर्दी आणि काम सारखंच का, ते एकाच कार्यक्रमात दिसतं. २९ मार्च १९८७, पाँटिअॅक सिल्व्हरडोम, रेसलमेनिया ३. सॅव्हेज विरुद्ध स्टीमबोट, साधारण पंधरा मिनिटं, एक सेकंद वाया नाही. रेसलिंगवर लिहिणाऱ्या डेव्ह मेल्टझरचे पाचपैकी साडेचार स्टार. त्याच रात्री होगन विरुद्ध आंद्रे: आंद्रेची पाठ कामातून गेलेली, हालचाल जवळपास बंद, मेल्टझरचे उणे चार. पण तिकिटं कोणी विकली? उणे चारवाल्यांनी. आंद्रेचं जाहीर वजन ५२० पौंड, म्हणजे २३६ किलोच्या आसपास. तो देह होगनने उचलून आपटला, त्या क्षणासाठी लोक आले होते. नुसते स्टार मोजले तर होगन पहिल्या पन्नासात येत नाही, नुसती तिकिटं मोजली तर स्टीमबोट येत नाही.

गर्दी मोजताना जाहीर आकड्यांवर जाऊ नका. त्या रात्रीचा अधिकृत आकडा ९३,१७३ होता, मेल्टझर ७८,००० च्या आसपास सांगतो. सामार्टिनोने मॅडिसन स्क्वेअर गार्डन १८७ वेळा फुल्ल केलं, हाही असाच तपासल्यावर न टिकणारा दावा. एका रात्रीपेक्षा तोच हॉल दर महिन्याला किती वर्षं भरत राहिला, ते बघा.

स्टारची दुसरी अडचण म्हणजे महागाई. १९९७ च्या मायकल्स-अंडरटेकर हेल इन अ सेल या पिंजऱ्यातल्या लढतीनंतर २०११ च्या पंक-सीनापर्यंत डब्ल्यूडब्ल्यूईच्या एकाही लढतीला त्याने पाच दिले नाहीत. रेसलमेनिया २५ च्या मायकल्स-अंडरटेकरलाही पावणेपाच. आणि जानेवारी २०१७ मध्ये ओकाडा-ओमेगाला सहा, २०१८ मध्ये सात. स्टारची तुलना त्याच दशकातल्या लढतींशीच करा.

रिंगमधलं काम तपासायला प्रत्येकाच्या पाच लढती घ्या: एक मोठी किताबाची, एक कच्च्या प्रतिस्पर्ध्याबरोबरची, एक लहान हॉलमधली, एक टॅग (जोडीची), एक चाळिशीनंतरची. कॉमेंट्रीचा आवाज बंद ठेवा, ती अर्धं काम परस्पर करून टाकते. मग एकच गोष्ट धरून बघा: आठव्या मिनिटाला दुखावलेला अवयव पंचविसाव्या मिनिटाला आठवणीत आहे का? २ एप्रिल १९८९, न्यू ऑर्लिन्स, फ्लेअर-स्टीमबोट, तीनपैकी दोन फॉल (चीत किंवा शरण) घेईल तो जिंकला. फ्लेअर फिगर फोर या पाय पिळायच्या डावासाठी पायावर काम करत राहतो. शेवटच्या फॉलमध्ये स्टीमबोट डबल चिकनविंग लावून, म्हणजे दोन्ही हात मागे अडकवून, त्याला उचलतो, पण तोच दुखरा पाय दगा देतो आणि दोघंही पाठीवर पडतात. मोजणी सुरू होते, स्टीमबोट ऐनवेळी खांदा उचलतो आणि जिंकतो. फ्लेअरचा पाय दोरीखाली होता ते रेफ्रीला दिसत नाही, म्हणून मे महिन्यात पुन्हा लढत. सेलिंग, म्हणजे दुखापत खरी वाटेल असं वागणं, म्हणतात ते हे. कच्च्या प्रतिस्पर्ध्यासाठी सॅव्हेज विरुद्ध वॉरियर, रेसलमेनिया ७. वॉरियरकडून एवढं काम दुसऱ्या कोणी काढून घेतलं नाही.

आणि समोरच्याला सांभाळणं हेही कामातच धरा. ३ ऑगस्ट १९९७ च्या समरस्लॅममध्ये ओवेन हार्टने ऑस्टिनला पाइलड्रायव्हर (उलटं धरून खाली आपटायचा डाव) दिला. गुडघ्यांवर उतरलं की धक्का गुडघे घेतात आणि समोरच्याचं डोकं मॅटपासून वर राहतं. ओवेन बसला. डोकं मांड्यांच्या खाली लोंबत होतं, ते आधी टेकलं आणि वरचा सगळा भार मानेवर आला. ऑस्टिनचे हातपाय काही वेळ हलेनात; कसाबसा ओवेनला गुंडाळून ठरलेला शेवट केला. नंतर त्याची लढायची पद्धतच बदलली, अंगावर आपटून घेणं कमी आणि हाणामारी जास्त, आणि २००३ मध्ये जवळपास थांबला. म्हणून टिकावात त्याला ४ च्या वर देता येत नाहीत.

माझे गुण, वरच्या क्रमाने: फ्लेअर २५+३०+१५+१४+१० = ९४. ऑस्टिन २९+२४+१५+१२+४ = ८४. होगन ३०+१४+१४+१५+९ = ८२.

बुडोकान

काउंटआउट, पद्धत चांगली आहे, पण ती अमेरिकेतच बसते. जपानच्या मिसावाला माईकचे किती देणार? तो फारसा बोलायचाच नाही, आणि जपानात ते लागायचंही नाही. त्या १५ गुणांतून भाषण काढा, व्यक्तिरेखा फक्त ठेवा. मग हिरवा पोशाख आणि कोपराचा फटका एवढ्यावरच त्याला १२ मिळतात. ३ जून १९९४ ची टोकियोच्या बुडोकान हॉलमधली मिसावा-कावाडा बघितल्याशिवाय कोणाला २८ च्या वर देऊ नये. शेवट टायगर ड्रायव्हर '९१ ने. त्या डावात दोन्ही हात मागून अडकवलेले असतात, पडताना हातांनी आधार घेता येत नाही, सरळ मानेवर. पाहायला जबरदस्त, पण त्या काळाची किंमत सगळ्यांनीच मोजली. मिसावा २००९ मध्ये हिरोशिमात बॅक सुप्लेक्स (मागून उचलून पाठीवर आपटायचा डाव) बसल्यावर रिंगमध्येच कोसळला आणि गेला, वय ४६.

रिकिडोझान तर कोणाच्याच यादीत दिसत नाही. १९५७ मध्ये थेझबरोबरच्या त्याच्या साठ मिनिटांच्या बरोबरीला जपानी टीव्हीवर ८७ टक्के रेटिंग होतं. अंतोनियो इनोकी आणि जायंट बाबा, जपानच्या दोन मोठ्या कंपन्या उभ्या करणारे दोघंही त्याचेच चेले. प्रभावाच्या रकान्यात १५ पैकी १५. एल सांतोचंही तेच. पन्नासहून जास्त सिनेमे, मेक्सिकोत घराघरात नाव आणि पुरतानाही चेहऱ्यावर मुखवटा. अमेरिकेत नाव केल्याशिवाय कोणी मोठा होत नाही या समजुतीला तो एकटा पुरेसा आहे.

आणि धागाकर्त्यांच्या यादीत एकही बाई नाही. १९८० च्या दशकात जपानच्या चिगुसा नागायोसाठी शाळकरी मुलींनी हॉल भरायचे. २८ ऑगस्ट १९८५ ला ओसाकात डंप मात्सुमोतोकडून ती केसांच्या पैजेची लढत हरली. रिंगमध्ये तिचे केस कापले जात असताना कॅमेरा प्रेक्षागृहातल्या मुलींवर जातो, तेवढं बघा. गर्दी, काम, व्यक्तिरेखा तिन्हींत ती रोमन रेन्सच्या वर बसते. वेगळी महिला यादी करायची गरज नाही.

क्रम लावायची माझी रीत: आधी प्रदेशवार पाच-पाच नावं काढा (अमेरिका-कॅनडा, जपान, मेक्सिको, उरलेलं जग), मग एकत्र करा. ऑब्झर्व्हर या मेल्टझरच्या वार्तापत्राच्या हॉल ऑफ फेमचं मतदानही प्रदेशवारच होतं, आणि आत यायला त्या प्रदेशाच्या मतदारांपैकी ६० टक्के लागतात. उलट्या बाजूने गेलं की ओळखीची नावं आधी जागा अडवतात.

पत्तेबाज

सगळ्यांचे आभार. गुण मांडून पुन्हा क्रम लावला: फ्लेअर, सांतो, मिसावा, होगन, ऑस्टिन, थेझ, रिकिडोझान, मायकल्स, नागायो, सीना. ट्रिपल एच, रॉक आणि रेन्स बाहेर. अंडरटेकर आणि ब्रेट हार्टला बाहेर ठेवताना जीव तुटला. दोन शंका. थेझचं चित्रीकरणच कमी, तर कामाचे ३० पैकी किती धरू? आणि ख्रिस बेन्वाला मोजायचं की नाही?

काउंटआउट

थेझला कामाचे गुण देऊच नका. बाकीच्या ७० पैकी मिळालेल्यांना ७० ने भागून १०० ने गुणा, आणि नावापुढे तशी खूण करा. दारासिंगांनाही तोच हिशेब लावा. आंधळे ३० देणं किंवा शून्य देणं, दोन्ही अन्याय.

ब्रेटला बाहेर काढून सीना आत, हे मला पटलेलं नाही. रेसलमेनिया १३ मधली ब्रेट-ऑस्टिन सबमिशन बघा. सुरुवातीला ब्रेट नायक, ऑस्टिन खलनायक, आणि बावीसेक मिनिटांत दोघांची अदलाबदल. ऑस्टिनला मी गर्दीचे जे २९ दिलेत, त्यातले निम्मे त्या रात्री ब्रेटने मिळवून दिलेत.

तिसरी दोरी

बेन्वाबद्दल: २००७ मध्ये त्याने बायको आणि मुलाचा खून केला. २००८ मध्ये ऑब्झर्व्हरच्या मतदारांसमोर त्याला हॉलमधून काढायचा प्रस्ताव आला. निम्म्याहून जास्त जणांनी काढा म्हटलं, पण ६० टक्के न भरल्यामुळे नाव राहिलं. तुमची यादी फक्त कामाची असती तर वाद घालता आला असता. तुम्ही गर्दी, प्रभाव, व्यक्तिरेखा सगळं धरताय, मग सोडा. तसंही माझ्या हिशेबाने तो पहिल्या दहांत बसत नाही, माईकवरच दहा गुण जातात.

आणि सीनाच्या जागी ब्रेट, याला माझंही अनुमोदन. सीना अकरावा.