समोरचा खोटं बोलतोय हे खरंच कळतं का राव?

रांगडा_गडी: कट्ट्यावर यावरनं लई वाजलं म्हणून इथं टाकतोय. माझं सरळ म्हणणं हाय, माणूस खोटं बोलाय लागला की कळतंयच. नजर चुकवतोय, घाम पुसतोय, उगंच मोबाईल काढून बघतोय. लक्ष्मीपुरीत दुकानावर बसतोय मी, उधारीवाला "उद्या नक्की" म्हणला की तिथंच कळतंय हा देणार का बुडवणार. पटत नसंल तर बोला.

पेठेतली_पोरगी: नाही पटत दादा. बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये तोवरचे ढीगभर प्रयोग एकत्र करून बघितले, चोवीस हजारांवर माणसांचे अंदाज, त्यात बरोबर आले सरासरी 54 टक्के. नाणं उडवलं तरी 50 येतात की! त्यातही खोटं पकडलं फक्त 47 टक्के, खरं बरोबर ओळखलं 61 टक्के, कारण आपण ऐकतोच मुळात विश्वास ठेवून. आणि तुमचा उधारीवाला बुडवणार हे तिथंच कळत असतं तर तुम्ही उधारी दिलीच कशाला असती?

रांगडा_गडी: गिऱ्हाईक तोडायचं नसतंय ओ ताई, धंदा हाय. आणि प्रयोगात खोटं बोलून कुणाचं काय जातंय? पैशाचं, इज्जतीचं प्रकरण आलं की चेहरा फुटतोयच.

पेठेतली_पोरगी: तेही बघितलंय त्यांनी. आपल्यावर विश्वास बसावा म्हणून जो जिवाचा आटापिटा करतो तो खोटारडा दिसतो खरा, पण खरं बोलत असला तरी तसाच दिसतो! माझा राग इथंच आहे. आमच्या गल्लीत एका दुकानात गल्ला कमी भरला, तर जो पोरगा घामाघूम होऊन गप्प उभा होता त्यालाच धरलं. नंतर बेरीज चुकली होती असं निघालं, पण पोराचं काम गेलं ते गेलंच.

म्हैसवाला_काका: पोरगी बरोबर बोलतीया. वडगावच्या बाजारात दलाल आईची आण घेऊन सांगतोय म्हशीचं दुसरंच वेत हाय, दोनदाच व्यालीया म्हणून. आपण जबडा उघडून दात बघायचं, वय कळतंय. कासेत दूध तुंबवून आणत्यात, म्हणून सांजची आन सकाळची दोन्ही धारा आपल्या हातानं काढायच्या, मग पैशाचं बोलायचं. दलालाच्या तोंडाकडं मी बघतबी न्हाई.

निवृत्त_खाकी: म्हशीचं ठीक आहे काका, माणसाला दात बघून चालत नाही. अनुभवानं नजर तयार होते. मानसशास्त्रज्ञ एकमन यांचा खोटं ओळखण्यावरचा 1991 चा अभ्यास बघा, पोलीस, न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ सगळे अंदाजपंचे, पण अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसवाले, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणारे, सरस निघाले.

पेठेतली_पोरगी: सरस म्हणजे 64 टक्के, साहेब. उरलेल्या 36 जणांचं काय? लाय डिटेक्टर, म्हणजे पॉलिग्राफसुद्धा छातीची धडधड, श्वास, घाम मोजतो, खोटं मोजत नाही. आणि 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय, पॉलिग्राफ, नार्को (औषध देऊन बोलतं करणं), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी तपासणं) यातलं काहीही संमतीशिवाय करायचं नाही, कारण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची जबरदस्ती करता येत नाही.

निवृत्त_खाकी: नुसती नजर बघून कोण आत टाकतंय? आम्ही घडलेलं उलटं सांगायला लावायचो, शेवटापासून सुरुवातीकडं. खोलीचा नकाशा काढ म्हणायचो, दार कुठं, कोण कुठं बसलेलं. पाठ केलेली गोष्ट तिथं लटपटते.

म्हैसवाला_काका: म्हंजे तुमीबी धारच काढताय की सायेब 😄

निवृत्त_खाकी: काढतो, पण धा जणांत कुणाची काढायची हे आधी ठरवावं लागतं, आणि ते चेहरा बघूनच ठरतं.

रांगडा_गडी: ह्येच तर म्हणतोय मी सकाळपासनं!

पेठेतली_पोरगी: आणि थंड डोक्यानं नजरेला नजर देऊन खोटं बोलणारा त्या धा जणांतनं चहा पिऊन घरी गेला, तो तुमच्या अनुभवात धरलाय का साहेब?