वारल्यांचा लग्नातला चौक (भिंतीवरचं चौकोनी चित्र) सोसायटीच्या हॉलमध्ये शिकवावा का?

रानवाट
परवा एका वारली चित्रांच्या कार्यशाळेला गेले. दोन तासांत त्रिकोण, गोल, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच, संपलं. शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "पालघट कुठे काढायची?" त्यांना मी पालघर म्हणतेय असं वाटलं!
बारा वर्षं तलासरीत शिक्षिका होते. लग्नघरी सवासिनी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायच्या, आत पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुजारीण, गाण्यातून देवांना बोलवायची. लग्न नाही तर चौक नाही. भिंत, पीठ, गाणं सोडवून घेतलं की उरते नुसती नक्षी. चौक पाड्यावरच शिकावा. या कार्यशाळा बंद करा.

कुंचला
अजिबात पटत नाही. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद-रंग घेऊन डहाणूकडे गेले, तेव्हा बायका बुजल्या आणि वारली जिव्या सोमा मशे पुढे आले. पुरुष, तोही लग्नाचा प्रसंग नसताना चितारणारा! तुमच्या नियमाने तेही बाद. त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, आज कितीतरी वारली घरं चित्रांवर चालतात. नाहीतर पोरं वीटभट्टीवर जातात. मग धवलेरीपाशी बसणार कोण?

पाड्यावरचा
मी वारली. माझा मामा तारपा बनवतो. दुधी वाळवायचा, बांबूच्या नळ्या बसवायच्या, रानातल्या मेणाने सांधायच्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा. मेणासाठी पूर्वी घरामागे जायचा, आता अर्धा दिवस चालतो. वनहक्क कायदा २००६ चा, आमच्या पाड्याचे दावे अजून लटकलेत. तुम्ही भिंत की कागद यावर भांडताय. रानच हातात नसेल तर मामा मला शिकवणार कशावर?

रानवाट
मशेंचं मान्य, पण ते चौक बघतच मोठे झालेले. कार्यशाळेतल्या बाईंनी तो कधी पाहिलाच नव्हता. "बंद करा" मागे घेते. शिकवायला मात्र वारलीच हवेत, आणि मानधनही त्यांनाच.

कुंचला
मानधनाचं शंभर टक्के. पण "वारलीच" नको. शहरातली मुलगी मनापासून शिकली, तर तिने पुढे का शिकवू नये?

पाड्यावरचा
शिकवू दे. आधी लग्नसराईत एकदा आमच्याकडे येऊ दे. नुसतं बघायला नको, पहाटे पीठ वाटायला बायकांसोबत बसायचं. धवलेरी म्हातारी आहे, गाणं दोनदा सांगत नाही.