पर्यावरण शिक्षणाचा सरकारी पैसा शाळेत जावा की गावात?

(एका ऑनलाइन चर्चेचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

ओढ्याकाठी

बारावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीची ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयाची प्रकल्पवही परवा चाळली. प्रकल्प नदीप्रदूषणावर होता. त्यात गंगा होती, यमुना होती. पण ज्या ओढ्यावरचा पूल ओलांडून ती रोज कॉलेजला जाते, त्या ओढ्याचा उल्लेख नव्हता. तिचे निष्कर्ष मैत्रिणीच्या वहीतील निष्कर्षांशी शब्दशः जुळत होते, कारण दोघींनी ते स्टेशनरीच्या एकाच दुकानातून तयार विकत आणले होते.

हा विषय सक्तीचा कसा झाला, हे सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणात टप्प्याटप्प्याने अनिवार्य करण्यास सांगितले. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाविषयीच्या स्लाइड विनामूल्य दाखवाव्यात, असेही त्याच निकालात होते. त्या स्लाइड कधीच विस्मरणात गेल्या. विषय मात्र उरला, आणि माझ्या मते तोही आता स्लाइडसारखाच झाला आहे, म्हणजे समोरून सरकतो आणि कोणी पाहत नाही.

म्हणून माझे मत असे की शासनाने ही सक्ती काढून घ्यावी आणि तोच पैसा व तेच मनुष्यबळ प्रत्यक्ष प्रशिक्षणाकडे वळवावे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्या सदस्यांना लोक जैवविविधता नोंदवही (म्हणजे गावातील झाडे, प्राणी, पक्षी यांची नोंद) कशी करायची, विहिरींची पातळी कशी मोजायची, सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा, हे शिकवले तर त्या ज्ञानाचा कोणाला तरी उपयोग होईल.

खडूफळा

मी माध्यमिक शाळेत शिकवतो आणि आमच्या हरित सेनेचे, म्हणजे शाळेतील पर्यावरण गटाचे, काम माझ्याकडे आहे. आपल्या भाचीच्या वहीबद्दल आपण जे लिहिले आहे ते नाकारण्याचा प्रश्नच नाही, तसल्या वह्या मीही तपासल्या आहेत. परंतु निदान चुकले आहे. ज्या विषयाला गुण किंवा श्रेणी नाही, त्याची तासिका कोणत्याही शाळेत जानेवारीपर्यंत गणिताच्या घशात गेलेली असते. त्यामुळे सक्ती काढल्यावर मुले मोकळेपणाने ओढ्यावर जातील ही कल्पना वेळापत्रक कधी न बनवलेल्या माणसाची आहे.

शिवाय आपण ‘तोच पैसा’ म्हणता, तो किती आहे? राष्ट्रीय हरित सेना ही केंद्राची योजना २००१-०२ मध्ये सुरू झाली, देशभरात एक लाखाच्या आसपास शाळा तिच्यात आल्या, आणि एका शाळेला मिळणारे साहाय्य एकेकाळी वर्षाला २,५०० रुपये होते, पुढे ते ५,००० रुपये झाले. पन्नास मुलांना एकदा एसटीने जवळच्या अभयारण्यात नेऊन आणायचे म्हटले तरी ही रक्कम तेथेच संपते. शाळांकडून काढून घेण्याजोगे मुळात फार काही दिलेलेच नाही.

ताळेबंद

प्रशिक्षणाबद्दल मूळ लेखकांचा जो विश्वास आहे त्यावर माझा आक्षेप आहे, कारण त्यांनी दिलेले उदाहरणच त्यांच्या विरोधात जाते. अनेक राज्यांत या समित्या आणि नोंदवह्या वर्षानुवर्षे झाल्याच नव्हत्या. मग पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये बजावले की जानेवारी २०२० अखेरपर्यंत काम पूर्ण झाले नाही, तर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील. त्यानंतर जी धावपळ झाली तिच्यात नोंदवह्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि त्या गावकऱ्यांना न विचारता बाहेरच्या संस्थांकडून भरून घेतल्या, अशी टीका जाणकारांनी तेव्हाच केली. आपल्या भाचीने निष्कर्ष दुकानातून आणले. येथे गावाने आपल्या झाडापाखरांची यादी बाहेरून आणली. फरक कोठे आहे?

केंद्राने २०१७ मध्ये हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला आणि त्यात वनस्पती-प्राण्यांची ओळख पटवणारे साहाय्यक, निसर्गवाटाडे, सांडपाणी प्रकल्पाचे चालक असे अभ्यासक्रम आणले. कल्पना उत्तम आहे. पण गावात परतलेल्या तरुणाला त्या ओळखीसाठी पगार कोण देणार, याचे उत्तर अभ्यासक्रमात नसते.

ओढ्याकाठी

नोंदवह्यांबाबतचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी आधीच लिहायला हवा होता. तरीही गडचिरोलीतील मेंढा (लेखा) आठवा. तेथे अभ्यासगट वर्षानुवर्षे चालले. विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जाई आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेई. गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, म्हणजे बांबू बाहेर नेण्याचे परवाने तीच देऊ लागली. बांबू किती तोडायचा आणि किती राखायचा, हे शिकणे तेथे कोणाला सक्तीचे करावे लागले नाही, कारण चुकले असते तर नुकसान त्यांचेच होते. प्रौढांचे पर्यावरण शिक्षण मला याच अर्थाने अभिप्रेत आहे.

खडूफळा

आपले उदाहरण मला मनापासून आवडते, पण ते सरकारी साहाय्याचे उदाहरण नाही. मेंढ्याचे अभ्यासगट कोणत्या योजनेतून निघाले नव्हते. शासनाने तेथे फार उशिरा अधिकार दिला, शिक्षण गावाने आधीच घेतले होते. धाग्याचा विषय शासनाने पैसा कोठे द्यावा हा आहे.

आणि सक्तीतून काहीच निघाले नाही, हेही खरे नाही. त्याच १९९१ च्या निकालाचा पाठपुरावा होत होत पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम लागू झाला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरूचा यांनी लिहिले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पश्चिम घाटाविषयी चार पाने वाचली असतील तर ती या सक्तीमुळे. चार पाने फार नाहीत, हे कबूल.

ताळेबंद

आदर्श गाव योजनेतील हिवरे बाजार मात्र सरकारी साहाय्याचेच उदाहरण आहे. तेथे निधी आला तो श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी अशा अटींसह, आणि पावसाच्या मोजमापावरून पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षीची पिके ठरवण्याची रीत पडली. (माझे टोपणनाव तेथूनच घेतले आहे.) म्हणून मला शाळा की गाव हा प्रश्नच आडवळणाचा वाटतो. पर्जन्यमापक शाळेच्या आवारात बसवा, नोंद मुलांनी घ्यावी, आणि तो आकडा पीक ठरवणाऱ्या ग्रामसभेत वाचला जावा, एवढी अट घालून अनुदान द्या.

ओढ्याकाठी

ग्रामसभेत वाचला जावा, ही अट असेल तर माझा सक्तीलाही विरोध नाही. शहरात ग्रामसभा नसते, तेथे तो आकडा कोणासमोर वाचायचा, हे मात्र सांगा. माझी भाची महापालिका हद्दीत राहते.

खडूफळा

प्रभाग समितीच्या बैठकीत. ती भरत असेल तर.